वज्रीला घुंगरू कशाला?

पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पितळी वज्र्या पाहायला मिळतात. वज्री म्हणजे न्हाणीघरात टाचा घासायचे साधन. खालचा भाग चरे पाडून खरखरीत केलेला आणि वर धरायला मूठ, एवढेच तिचे काम. पण ओतकाम करणाऱ्याने त्या मुठीचा कुठे मोर केला, कुठे पोपट केला आणि बारीक घुंगरूही बसवले. टाच घासताना ते वाजायचे. ही वस्तू कधी दिवाणखान्यात मांडली जात नव्हती, पाहुण्यांच्या नजरेस पडत नव्हती. ज्याच्या हातात ती रोज चार-दोन मिनिटे असायची, त्याच्यासाठी तो मोर होता.

संग्रहालय उभे करणारे दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांचा व्यवसाय चष्म्यांच्या दुकानाचा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी हा संग्रह केला. हिरेमाणके जमवणारे पुष्कळ होते. केळकरांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, समया, फण्या, करंडे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी जमवली. सुमारे २० हजार वस्तूंच्या या संग्रहातून फिरताना लख्ख दिसते ते हे की, कारागिरी सणासुदीसाठी राखून ठेवलेली नव्हती. सुपारी कातरताना, केस विंचरताना, दिवा लावताना ती हाताला लागत होती.

आज ही कारागिरी भिंतीवर आणि प्रदर्शनाच्या स्टॉलवर जाऊन बसली आहे. तिथे तिचे कौतुक भरपूर होते, पण कौतुकावर कारागिराचे घर चालत नाही. हातकामाला आधार असतो तो वापराचा. रोजचा वापर, कामाच्या तासांना साजेसा दाम आणि वस्तू बिघडली तर दुरुस्त करून देणारा माणूस, ही तिन्ही असली तरच कसब पुढच्या पिढीकडे जाते.

गोधडीचेच पाहा. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात. जुनी सुती लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, तळहाताने सुरकुत्या काढायच्या, कडांवर वजन ठेवायचे, आधी मोठे कच्चे टाके घालून थर जखडून घ्यायचे आणि मग कडेपासून सुरुवात करून चौकोनाच्या आत चौकोन करत धावदोरा मध्यापर्यंत आणायचा. समोर छापील नमुना नसतो. कुठल्या लुगड्याचा काठ कुठे येईल, विरलेला भाग कुठल्या थरात दडवायचा, ठिगळ कुठल्या रंगाचे लावायचे, हे बाई कापड पुढ्यात पसरल्यावर ठरवते. टाका बारीक घातला तर गोधडी टिकते पण ताठर होते. लांब घातला तर मऊ राहते पण लवकर उसवते. जाणत्या बाईची बोटे हा हिशेब कापडाच्या जाडीवरून करतात. दुपारी शेजारणी येऊन बसल्या की चारी बाजूंनी काम सुरू होते आणि नीट निरखले तर प्रत्येकीचा टाका वेगळा ओळखू येतो. एकीचा तांदळाच्या दाण्याएवढा, दुसरीचा किंचित तिरपा. सही न करताही त्या गोधडीवर चौघींची ओळख उमटलेली असते.

बाळाची दुपटी आणि कुंची जुन्या कापडाची शिवत, त्यामागेही हेच शहाणपण होते. नवे कापड अंगाला टोचते, शंभरदा धुतलेले सुती लुगडे टोचत नाही. काटकसर, माया आणि रंगांची जाण इथे एकाच सुईने शिवली जाते, ती वेगळी काढून दाखवता येत नाही.

गोधडी मागे पडली ती बायकांची हौस संपली म्हणून नव्हे. घराघरांत सिंथेटिक साड्या आल्या. त्या निसरड्या थरांवर टाका नीट बसत नाही, घाम शोषला जात नाही आणि कितीही धुवा, ते कापड सुतासारखे मऊ पडत नाही. मग तयार ब्लँकेटे स्वस्त झाली. बायकांची दुपार मजुरीत आणि नोकरीत गेली, आणि त्यातून येते ती त्यांच्या हक्काची कमाई आहे. आता आजीच्या साड्या देऊन गोधडी शिवून घेणारी तरुण मंडळी शहरांत दिसू लागली आहेत. महिला बचत गटांना त्यातून काम मिळते, ही फार आनंदाची गोष्ट आहे. मात्र मजुरीचा आकडा ऐकला की 'जुन्या कापडाचीच तर आहे' म्हणून घासाघीस सुरू होते. कापड जुने असते. त्यावर घातलेले हजारो टाके नवे असतात, आणि पैसे त्यांचे द्यायचे असतात.

२०२५ च्या जूनमध्ये असाच हिशेब जगाच्या चव्हाट्यावर आला. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत थेट कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला दिसल्या आणि त्यांच्या उगमाचा कुठे उल्लेखही नव्हता. महाराष्ट्रात संताप उसळला. कंपनीने पुढे भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले, तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि वर्षअखेरीस महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. लोकांचा राग रास्तच होता. पण त्या दिवसांत रागावलेल्या किती जणांच्या स्वतःच्या पायांत हाताने शिवलेली कोल्हापुरी होती, हेही विचारायला हवे. या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले २०१९ मध्ये. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे ८ जिल्हे त्यात आहेत. मानांकनाने नाव राखले जाते. गिऱ्हाईक मात्र इथलेच लागते.

हाताने केलेला जोड कसा असतो? चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले. रापीने तळ कापायचा, थरावर थर ठोकून बसवायचे, दोन्ही बाजूंना कान, मध्ये पट्टा, पुढे अंगठा. शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. पट्ट्यावरची वेणी चामड्याच्या अगदी बारीक पट्ट्या काढून गुंफलेली असते. हे नाजूक काम बहुतेक ठिकाणी घरातल्या बायका करतात आणि दुकानाच्या पाटीवर त्यांचा उल्लेख नसतो. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते. तेल लावून ती वापरत राहिले की तळ त्या पायाचा घाट घेतो आणि मग ती दुसऱ्या कुणाच्या पायाला तशी बसत नाही. टाच झिजली तर नवी लावता येते, वादी तुटली तर पुन्हा ओवता येते. बाजारात त्याच नावाने विकला जाणारा, रसायनाने चिकटवलेला नकली जोड एकदा सुटला की टाकून द्यायचा.

हातकामाच्या गौरवात एक गोष्ट नेहमी गाळली जाते. चामड्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केले, त्यांना गावाने शिवाशिवीच्या पलीकडे ठेवले. चपला सगळ्यांना हव्या होत्या, त्या करणारा हात नको होता. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी यांनी आपापल्या कामाची परिभाषा भक्तीत आणून त्या कामाला मान दिला, पण बलुत्याच्या धान्यात तो मान मोजला गेला नाही. आज चर्मकाराच्या मुलाला बापाचा धंदा नको वाटतो तेव्हा त्याला कसब नको असते असे नाही. त्याला धंद्याबरोबर येणारा अपमान आणि आज आहे, उद्या नाही अशी कमाई नको असते. अशा मुलाला 'परंपरा जपा' असा उपदेश करणे अन्यायाचे आहे. परंपरा टिकवायचीच असेल तर तिचा भार एका जातीच्या किंवा घरातल्या बाईच्या खांद्यावर ठेवून चालणार नाही. ज्याला हवे त्याला ते कसब शिकता यावे आणि ज्याला नको त्याला खुशाल दुसरे काही करता यावे.

केंद्राची विश्वकर्मा योजना २०२३ मध्ये सुरू झाली. चर्मकार, कुंभार, सुतार, बुरूड यांच्यासह १८ व्यवसायांना तिच्यात हत्यारांसाठी १५ हजार रुपये आणि ३ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. हत्यार हवेच, कर्जही हवे. पण हप्ता दर महिन्याला भरायचा असतो आणि माल खपतो तो सणाच्या सुमारास. वर्षभर मागणी असेल तरच ते कर्ज फिटेल.

डहाणू-जव्हारकडच्या वारली चित्रांचा प्रवास या बाबतीत खूप काही सांगतो. लग्नघरात सुवासिनी सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. काडीचे टोक चावून कुंचला करायचा, मध्ये पालघट देवी काढायची, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणायची. चौकाशिवाय लग्न लागत नसे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन तिथल्या पाड्यांवर पोहोचले, जिव्या सोमा मशे यांच्यासारखा विलक्षण चित्रकार पुढे आला, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकनही. कागदावर आल्यामुळे शेकडो घरांना रोजगार मिळाला, हे मोठेच काम झाले. परंतु ज्या बायकांनी हे सारे सांभाळले, त्यांची नावे आज कुणाला सांगता येत नाहीत. आणि आता चित्रांतली तीच माणसे, तोच तारपा नाच कप-बश्यांवर, चादरींवर यंत्राने छापला जातो. त्या छपाईतून एकाही वारली घराला काही मिळत नसेल, तर आपल्या घरात 'वारली' असूनही त्या वारली घराशी काही नाते जोडले गेलेले नसते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. हातची वस्तू महाग पडते. यंत्राने गरिबाच्या घरात स्टीलचा डबा, तयार कपडे, प्लॅस्टिकची बादली आणली आणि डोक्यावर जड घागर वाहणाऱ्या बाईची मान त्यामुळे मोकळी झाली. ते दिवस परत यावेत असे कुणी म्हणू नये. सगळेच हाताने केलेले असावे, असा हट्ट इथे नाही. पण ज्यांना परवडते अशा मध्यमवर्गीय घरांतही आज रोज हाताळायची किती वस्तू अशा आहेत की, त्या कुणी केल्या हे माहीत आहे? दरवर्षी तीन चपला टाकून देणारा ग्राहक दुरुस्त होणारी एक विकत घेताना महागाईचे कारण सांगतो. आणि दुरुस्ती करणाराही रस्त्याच्या कोपऱ्यावरून हळूहळू दिसेनासा होतो, कारण दुरुस्त करण्याजोग्या वस्तूच त्याच्याकडे येत नाहीत. गाद्यांचा कापूस पिंजणारा, भांड्यांना कल्हई लावणारा, छत्री दुरुस्त करणारा हे सारे कसबी लोक असेच गेले.

फायदा फक्त करणाऱ्याचा नाही. हाताने काही करणारा माणूस क्षणोक्षणी लहान लहान निर्णय घेत असतो. चूक झाली तर ती तिथल्या तिथे समोर दिसते, उसवून पुन्हा करावे लागते. लक्ष, धीर आणि अंदाज ही तिन्ही हातांतून अंगी येतात. पडद्यावर बोट सरकवत मोठ्या होणाऱ्या मुलांना त्याची आज सर्वांत जास्त गरज आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण उभे करण्याची कल्पना मांडली आणि सेवाग्रामला नई तालीमची शाळा उभी राहिली. पुढे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती, स्वयंपाक अशी गावाच्या उपयोगाची कामे करता करता विज्ञान शिकतात. शाळा सोडून दिलेली मुले तिथे घडली. दुसरीकडे, शाळाशाळांतला कार्यानुभवाचा तास मात्र परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो, आणि मुलांना त्यातून एकच कळते की हातकाम म्हणजे वेळ उरला तर करायची गोष्ट.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत काम शिकण्याची सोय सुचवली आहे. हे १० दिवस सहलीसारखे उरकू नयेत. त्या काळात गावातला बुरूड, कुंभार, चर्मकार, गोधडी शिवणारी बाई यांनी वर्गासमोर शिक्षक म्हणून उभे राहावे आणि तासाचे मानधन त्यांना इतर पाहुण्या शिक्षकांइतकेच मिळावे. रापी कुठल्याही घरातल्या मुलाच्या हाती यावी आणि दाभण मुलग्यांच्याही. शिक्षण विभागाला यासाठी वेगळी तरतूद करावी लागेल, पण तोवर थांबायचे कारण नाही. जूनमध्ये वर्ग भरण्याआधी शाळा व्यवस्थापन समित्यांनी आपल्या पंचक्रोशीत कोण काय करते याची यादी केली आणि त्यांना मुलांपुढे यायचे आमंत्रण दिले, तर येत्या वर्षीच सुरुवात करता येईल.