आधी मुलीचं ताट वाढा

वस्तीत शुगर तपासायला आम्ही टेबल मांडून बसतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. हातापायाने बारीक, पोट जरा सुटलेली, चाळिशीची बाई विचारते, "ताई, लहानपणी कधी पोटभर मिळालं नाही, मग मला शुगर कशी?" शेजारची म्हणते, "चहात साखर जास्त घेत असशील." बाई मान खाली घालते.

तिने मान खाली घालायचं कारण नाही. तिच्या आजाराचं मूळ बऱ्याच अंशी तिच्या जन्माआधीचं असू शकतं.

पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं की त्याचं शरीर काटकसर करतं. आधी मेंदू जपतं. स्नायू आणि स्वादुपिंड मागे राहतात. पण स्वादुपिंडच इन्शुलिन बनवतं आणि स्नायूच रक्तातली साखर वापरतात. पुढे आयुष्यात वडापाव, बिस्किटं वाढली आणि हालचाल घटली की हे कमजोर शरीर साखर पेलू शकत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं दिसायला बारीक, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त. ज्या आया पालेभाजी, फळं, दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं मोठी भरली.

मुंबईच्या वस्त्यांतही एक प्रयोग झाला. गर्भ राहण्याआधीपासून काही बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला, इतरांना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. गरोदरपणातली शुगर पहिल्या गटात 7.3 टक्के बायकांना झाली, दुसऱ्या गटात 12.4 टक्के.

म्हणजे सातव्या महिन्यात डोहाळजेवण घालून भागत नाही. मुलगी वयात येते तेव्हापासून तिचं ताट भरलेलं हवं. आमच्या घरांतही पोरीला उरलंसुरलं आणि सून सगळ्यांच्या शेवटी, हे अजून चालतं. समतेची भाषणं ऐकून घरी आल्यावर अंडं मात्र मुलाच्याच ताटात पडतं. हे आधी थांबवा. शेवग्याचा पाला, माठ, चवळी, शेंगदाणे, नाचणी, अंडं, सुकट यांतलं जे परवडेल ते पोरीला रोज द्या. बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध. नंतर वरचं खाणं घरचं, पुड्यातलं नको.

पण सगळा भार घरावर टाकणंही आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली होती. आईची काळजी ही सरकारचीही जबाबदारी आहे. अंगणवाडीत गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी आहार येतो. तो वेळेवर येतो का, खाण्यालायक असतो का, बाळाचं वजन दर महिन्याला होतं का, हे चार बायकांनी मिळून जाऊन विचारा.

आणि ज्यांना शुगर झाली आहे, त्यांनी खचू नये. रोज चाला, गोळी चुकवू नका, तपासणीला या. मान वर ठेवून या.