अपडेटनंतर काळी स्क्रीन? नवं कार्ड घेण्याआधी हे वाचा

लिनक्स अपडेट केलं, रीबूट केलं आणि डेस्कटॉपऐवजी काळी स्क्रीन आली, की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो. पण सध्या जीटीएक्स १०६० किंवा १०५० टीआय वापरणाऱ्यांनी जरा थांबावं, असं मी सांगेन. कार्ड बहुधा ठणठणीत असेल.

झालंय असं, की एनव्हिडियाने ५९० मालिकेच्या ड्रायव्हरमधून पास्कल आणि त्याआधीच्या कार्डांचा सपोर्ट काढून टाकला. २०१६ साली आलेली जीटीएक्स १० मालिका पास्कलचीच. डिसेंबर २०२५ मध्ये आर्च लिनक्सने हाच ड्रायव्हर मुख्य पॅकेजमध्ये आणला. नेहमीसारखं अपडेट केलं की जुना ड्रायव्हर जातो, नवा या कार्डांवर चालत नाही आणि डेस्कटॉप सुरूच होत नाही.

अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून बघा. लॉगिन मागणारी साधी अक्षरी स्क्रीन आली, तर लिनक्स सुरू आहे; अडलाय तो फक्त डेस्कटॉप. तिथूनच नवा ड्रायव्हर काढून ५८० मालिकेचा टाकायचा. आर्चसाठी तो एयूआरमध्ये मिळतो.

आर्चने आपल्या संकेतस्थळावर सूचना दिली होती, हे खरं. पण अपडेटची कमांड देण्याआधी तिथे जाऊन वाचतं कोण? कार्ड कोणतं आहे हे संगणकाला ठाऊक असतं. मग इशाराही त्यानेच, रीबूटच्या आधी द्यायला हवा, असं माझं मत आहे. तोवर कार्ड कोणत्या पिढीचं आहे, ते आपणच बघून मगच अपडेट करायचं.