अनमोड घाटातील माल आणि घर्षणाचे गणित

अनमोड घाट उतरून गोव्यात येणाऱ्या मालवाहू ट्रकांबाबत चर्चा होते ती बहुधा अतिरिक्त वजनाची. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्यासाठी २०,००० रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये अशी तरतूद आहे. हौद्यातील माल जागच्या जागी कशाने राहतो, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

‘दहा टनांचा दगड, तो कुठे हलतो?’ हा समज घट्ट रुजलेला आहे आणि सपशेल चुकीचा आहे. वजनाबरोबर घर्षण वाढते हे खरे. पण माल थोपवण्यासाठी लागणारे बलही त्याच पटीत वाढते. घर्षण गुणांक ०.३ धरला, तर केवळ घर्षणाने मालाचा वेग दर सेकंदाला सुमारे ३ मीटर प्रतिसेकंद एवढाच कमी होतो. जोराचा ब्रेक ट्रकाचा वेग त्याच्या दुप्पट झपाट्याने उतरवतो. ताशी ४० किलोमीटर वेगाचा ट्रक सपाटीवर दहा मीटरांत थांबेल. मोकळ्या मालाला वीस मीटर हवेत. मध्ये असते ती चालकाची केबिन.

उरलेले बल साखळदंड व पट्ट्यांनीच पेलायचे असते. दहा टनांसाठी ते सुमारे तीन टन वजनाइतके. युरोपीय मानक तर पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट बल गृहीत धरते. घाटाच्या उतारावर माल आधीच पुढे ओढ घेत असतो. पावसात हौदा ओला झाला की पकड आणखी सुटते. साध्या दोरीने आवळलेल्या ग्रॅनाइटच्या लाद्या वजनकाट्यावर मात्र नियमात बसतात.