पोरगं बास्केटबॉल खेळतंय, पण पुढं पोट भरेल का?

ट्रॉम्बे : मागच्या महिन्यात बहिणीकडं ट्रॉम्ब्याला गेलो होतो. भाचा दहावीला आहे, बास्केटबॉलचं वेड. आल्या आल्या त्यानं मोबाईल पुढं केला. "मामा, लीगची ट्रायल आहे. फी दोन हजार." मेसेजमध्ये संघटनेचं नाव नाही, पत्ता नाही, फक्त पैसे पाठवायचा नंबर. बहीण म्हणाली, "दादा, तू बातम्या लिहितोस ना, मग सांग. या खेळात पोट भरतं का?"

आपल्याकडं तालुक्याच्या शाळेतही आता रिंग लागल्यात. त्यामुळं हा प्रश्न गावच्या पालकांनाही पडणार. म्हणून जरा खोलात जाऊन लिहितोय.

पॉइंट गार्ड म्हणजे कोण?

भाचा पॉइंट गार्ड खेळतो. व्हॉलीबॉलमध्ये जसा लिफ्टर, तसा बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड. चेंडू आपल्या बाजूनं पुढं न्यायचा, कोण कुठं पळणार हे ठरवायचं आणि योग्य माणसाच्या हातात पास द्यायचा. ८ सेकंदांत अर्धं मैदान ओलांडायचं, २४ सेकंदांत संघानं बास्केट मारायचा प्रयत्न करायचा. डोकं शांत लागतं.

लोक म्हणतात, हा उंच माणसांचा खेळ. पण या जागेला उंचीपेक्षा हात आणि नजर महत्त्वाची. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये मगसी बोग्स नावाचा पॉइंट गार्ड फक्त ५ फूट ३ इंचाचा होता. तो १४ सीझन खेळला.

नागपाड्याचा कप्तान

मुंबईत या खेळाचं माहेर म्हणजे नागपाडा. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी तिथं नेबरहूड हाऊस उभं केलं. टाटांची समाजकार्याची शाळा १९३६ साली तिथंच सुरू झाली. तीच आज ट्रॉम्ब्याशेजारी देवनारला 'टिस' म्हणून उभी आहे. मिशनच्या लोकांनी त्या गरीब वस्तीत बास्केटबॉल रुजवला.

त्याच वस्तीतून अब्बास मुंतसीर आले. भारताचे कप्तान झाले. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पण त्यांच्या काळात देशात लीग नव्हती. ते खेळले रेल्वेकडून. म्हणजे नाव खेळानं दिलं आणि आधार खात्यानं.

पन्नास वर्षांनी काय बदललं?

वाराणसीचा विशेष भृगुवंशी घ्या. आजच्या काळातला देशातला सगळ्यात नावाजलेला गार्ड. २०१४ साली चीनमधल्या वुहानला भारतानं चीनला ६५-५८ असं हरवलं, त्या संघात तो होता. २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड संघानं त्याला करार दिला. तिथल्या लीगचा करार मिळवणारा तो पहिला भारतीय. २०२० चा अर्जुन पुरस्कारही मिळाला. एवढं होऊनही तो भारतात कुणाकडून खेळत राहिला? ओएनजीसीकडून.

आपल्या पुण्याची शिरीन लिमये बघा. २०१७ साली बंगळुरूला भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आशिया कपची ब गटाची स्पर्धा जिंकली, त्या संघात ती होती. पुढं देशाची कप्तान झाली. तीही रेल्वेचीच खेळाडू.

लीग आल्या नाहीत असं नाही. २०१५ साली यूबीए लीग आली. मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज असे संघ होते. २०१७ नंतर ती बंद पडली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एनबीएचे दोन संघ वरळीत खेळून गेले. सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. पहिला सामना १३२-१३१, हजारो शाळकरी पोरं बघायला. पाहुणे गेले आणि पोरं पुन्हा आपल्या जुन्याच कोर्टवर आली. २०२२ मध्ये महासंघाच्या मान्यतेनं नवी राष्ट्रीय लीग सुरू झाली, त्यात मुंबई टायटन्स संघ आला. चांगली गोष्ट आहे. पण २०१४ ला सुरू झालेल्या प्रो कबड्डीसारखं टीव्हीवर घरोघरी पोहोचणं बास्केटबॉलला अजून जमलेलं नाही. आणि प्रेक्षक नाही तर जाहिरात नाही, जाहिरात नाही तर पगार नाही.

मग पालकांनी काय करायचं?

माझं मत स्पष्ट आहे. या खेळात पोट भरू शकतं, पण ते लीग भरत नाही, खातं भरतं. खेळायचं वय पस्तिशीपर्यंत, रेल्वेची नोकरी साठीपर्यंत. पण तिथं जागा मोजक्या, आणि किमान दहावी-बारावी पास लागतंच. शाळा सोडून मैदान धरणारा पोरगा दोन्हीकडून जातो.

राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी लागते, आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. बोगस प्रमाणपत्रं राज्यात पकडली गेलीत, त्यामुळं विकतच्या कागदाच्या नादी लागू नका. सरळ रस्ता शालेय स्पर्धांचा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या. प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा, त्यावरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का ते तेव्हाच बघा. नंतर हेलपाटे पडतात.

आणि व्हॉट्सॲपवर फी मागणारी ट्रायल आली, तर पैसे भरायच्या आधी जिल्हा क्रीडा कार्यालयात किंवा जिल्हा संघटनेत विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

बहिणीला हेच सांगितलं. भाचा थोडा हिरमुसला. दोन हजार भरले नाहीत, त्यातून नवे बूट घेतले. संध्याकाळी तो कोर्टवर गेला आणि बहिणीनं मागून हाक मारली, "आठला घरी ये, गणिताचा क्लास आहे."