चाळीस वाढदिवसांचा हिशेब

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाच्या घरखर्चात अलीकडच्या काळात जी नवी कलमे दाखल झाली, त्यांत मुलांच्या वर्गमित्रांना वाढदिवसानिमित्त द्यावयाच्या भेटवस्तूंचे कलम रकमेने लहान असले, तरी संकोचाच्या मापाने बहुधा सर्वांत मोठे ठरावे. विजेचे बिल किंवा शाळेची फी किती, हे दुसरे कोणीतरी ठरवून देते; भेटीची रक्कम मात्र प्रत्येक घराला स्वतःच ठरवावी लागते, आणि ती ठरवताना बाकीच्या घरांनी काय ठरवले असेल, याचा अंदाजही बांधावा लागतो.

पूर्वीच्या मराठी घरांत मुलाचा वाढदिवस हा मुख्यतः औक्षणाचा आणि गोडाधोडाचा दिवस असे. वर्गाशी त्याचा संबंध येई तो गणवेशाऐवजी रंगीत कपडे घालून शाळेत जाण्यापुरता आणि मधल्या सुट्टीआधी बाकांमधून फिरत चॉकलेटे वाटण्यापुरता. या व्यवहारात देणारा तो ज्याचा वाढदिवस आहे तो, आणि घेणारा सगळा वर्ग, अशी दिशा होती. समारंभ घरातून सोसायटीच्या सभागृहात व पुढे हॉटेलात गेला, तसतशी ही दिशा उलटली. वर्गमित्र हा पाहुणा झाला आणि पाहुण्याने रिकाम्या हाताने येऊ नये, हा मोठ्यांच्या जगातील नियम सहा वर्षांच्या मुलाला लागू झाला.

हा नियम आला तो आहेराच्या व्यवहारातून. आहेर म्हणजे लग्नमुंजीसारख्या कार्यात आप्तेष्टांनी यजमानाला व यजमानाने आप्तेष्टांना द्यावयाची भेट, आणि तिचे वैशिष्ट्य असे की ती प्रेमाने दिली जाते व वहीत नोंदवली जाते. कोणी किती दिले हे पाहून पुढे त्यांच्याकडच्या कार्यात तितके, किंवा काळाप्रमाणे थोडे चढे, परत करावयाचे असते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या भेटीविषयीच्या आपल्या निबंधात देणे, स्वीकारणे आणि परत करणे अशी तीन बंधने सांगितली, तेव्हा त्यांच्यासमोर पॉलिनेशियातील व वायव्य अमेरिकेतील समाज होते; पण मराठी घरातील आहेराची वही त्यांनी पाहिली असती, तर त्यांना फारसे नवल वाटले नसते. पाकिटावर चिकटवलेला तो वरचा एक रुपयाही याच व्यवस्थेतील आहे. गोल रकमेने हिशेब मिटल्यासारखा वाटतो. ५०१ मधील एक उरतो आणि संबंध पुढे चालू राहतो, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

आहेराची ही रीत वर्गमित्रांना लावताना एक गोष्ट नजरेआड होते. आहेराचे खाते पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि उशिरा का होईना, परतफेडीचा प्रसंग येतोच. शाळेत मात्र जूनमध्ये तुकड्या बदलतात, वडिलांची बदली होते, आणि ज्याला मार्चमध्ये ४०० रुपयांचा खेळ दिला, तो मुलगा पुढच्या वर्षी ‘ब’ तुकडीत असतो. शिवाय येथे देणारी आणि घेणारी घरे एकमेकांना ओळखतातच असे नाही. फोनमध्ये त्यांची नावेदेखील ‘अमुकची आई’ अशीच साठवलेली असतात. नाते नाही, मुदत नाही, तरीही खाते उघडलेले आहे, अशी ही स्थिती आहे, आणि पालकांची चुळबुळ होते ती यामुळेच.

रक्कम ठरवण्याची जी पद्धत सर्वाधिक ऐकू येते, ती ताटाच्या किमतीची होय. समारंभ हॉलमध्ये आहे, जादूगार येणार आहे, म्हणजे दोनशेत भागणार नाही, असा हा तर्क असतो. तो सभ्य वाटतो, पण निमंत्रणाचे रूपांतर तिकिटात करतो. किती खर्चाचा समारंभ करावयाचा, हा यजमानाचा निर्णय असतो. त्यातील वाटा पाहुण्या मुलाच्या भेटीतून वसूल व्हावा, अशी यजमानाची अपेक्षा बहुधा नसते आणि असलीच तर ती मानण्याचे कारण नाही.

प्रश्नाचा खरा पेच मात्र वर्गाच्या पटावर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशस्तरावरील वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवणे बंधनकारक केले, आणि महाराष्ट्रात यांतील दुर्बल घटकासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपयांची ठेवण्यात आली. ४० मुलांच्या वर्गात निम्म्या मुलांनी जरी समारंभाला बोलावले आणि प्रत्येक भेट ३०० रुपयांची धरली, तरी वर्षाचे ६,००० रुपये होतात. वर्षाला १ लाख, म्हणजे महिन्याला सुमारे ८,३३३ रुपये मिळवणाऱ्या घराच्या दृष्टीने ही रक्कम एका महिन्याच्या मिळकतीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग आहे. शिकवणी शुल्काची प्रतिपूर्ती, म्हणजे शाळेला त्या शुल्कापोटी द्यावयाची रक्कम, शासनाकडून अपेक्षित असते. चकचकीत कागदात गुंडाळलेल्या पुड्याची प्रतिपूर्ती कोणी करीत नाही. असे मूल मग समारंभाच्या दिवशी ‘गावाला जाते’. तीनशे रुपये ही ज्या घराला किरकोळ रक्कम वाटते, त्या घराने ती वर्गाचा प्रघात म्हणून रूढ केली, की शेजारच्या बाकावरील मुलाचे निमंत्रण त्याच्या घरी पोहोचेपर्यंत बिल झालेले असते.

परतभेट, म्हणजे बोलीत ज्याला ‘रिटर्न गिफ्ट’ म्हणतात ती, या गुंत्यात भर घालते. तिचे मूळ परके आहे असे मानण्याची घाई करू नये. संक्रांतीच्या हळदीकुंकवात सुवासिनींनी लुटावयाचे वाण, म्हणजे यजमानिणीने आलेल्या प्रत्येकीला द्यावयाची लहानशी उपयोगी वस्तू, हे तिचे घरचेच भावंड आहे. फरक इतकाच की वाण घेणारीने येताना पुडा आणलेला नसतो. पिएर बूर्दिय या समाजशास्त्रज्ञांनी १९७२ सालच्या आपल्या ग्रंथात भेट आणि परतभेट यांच्यामधील काळाला फार महत्त्व दिले. हे अंतर राहते म्हणूनच भेट ही भेट वाटते, ते काढून टाकले तर ती सरळ अदलाबदल दिसू लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. वाढदिवसाच्या सभागृहाच्या दारात हे अंतर दोन तासांवर आलेले असते: आत येताना पुडा टेबलावर, बाहेर पडताना पेन्सिल-पाऊच हातात.

एवढे करून हाती काय लागते, तेही पाहावे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ साली विद्यार्थ्यांना मिळालेल्या नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला, तेव्हा घेणाऱ्याच्या लेखी वस्तूची किंमत मोजलेल्या रकमेपेक्षा एक दशांश ते एक तृतीयांशाने कमी भरत असल्याचे आढळले. मराठी घरातील कपाटाच्या वरच्या फळीला हा सिद्धांत केव्हाचाच ठाऊक आहे. तेथे न उघडलेले दोन सारखे कंपासपेटीचे संच, एक पाण्याची बाटली आणि नखाने खरवडूनही अर्धे उरलेले किमतीचे लेबल मिरवणारा एक खेळ पुढच्या निमंत्रणाची वाट पाहत असतात. खेळणीच द्यावयाची असतील, तर स्वस्ताईचीही एक सीमा आहे; १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि फुटपाथवरच्या पुष्कळशा मालावर ते नसते.

या सर्वांवरून प्रस्तुत स्तंभाचा निष्कर्ष असा, की रक्कम वर्गातील सधन घराच्या सवयीवरून न ठरवता सर्वांत ओढग्रस्तीच्या घराला जड न जाणाऱ्या आकड्यावरून ठरवावी, आणि तो आकडा आजच्या भावाने १०० ते १५० रुपयांच्या वर जाऊ नये. जूनमधील पहिल्या पालकसभेत ही कमाल मर्यादा म्हणून सांगितली, तर कोणाचीही झाकली मूठ उघडत नाही. ‘कृपया भेटवस्तू आणू नयेत’ ही ओळ या कामी कुचकामाची ठरते, कारण चारजण ती पाळतात, पाचवा पुडा घेऊन येतो आणि चौघे ओशाळतात. १५० रुपयांत मराठी बालसाहित्याची एक-दोन चांगली पुस्तके बसतात. जिवलग मित्राला अधिक द्यावेसे वाटले, तर बालभारतीच्या, १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाची वर्गणी त्याच्या नावे भरता येते. ती समारंभातील टेबलावर दिसत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

खरेदीच्या वेळी मुलाला सोबत नेले, तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. मित्राला काय आवडेल, हे त्याला नेमके ठाऊक असते. तो बर्गरच्या आकाराचे, भाग सुटे होणारे २० रुपयांचे खोडरबर निवडतो, कारण ते मित्राने मागच्या आठवड्यात कोणाकडे तरी पाहिले होते आणि मागितले होते. एवढेसेच कसे न्यायचे, बरे दिसत नाही, असे म्हणून ते पुन्हा बरणीत टाकले जाते आणि पिशवीत रंगपेटी येते. संध्याकाळी ती सभागृहातील टेबलावर, आधीच आलेल्या तशाच दोन रंगपेट्यांच्या वर, ठेवली जाते.