पत्रकातला नफेखोर

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात, १९४४-४५ च्या सुमारास, युरोपातील आघाड्यांवर लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांवर जर्मनांनी जी पत्रके टाकली, त्यांत एक सचित्र मालिका होती. न्यूयॉर्कमधील दुकानात फिती विकणारी जोन, युद्धावर गेलेला तिचा प्रियकर बॉब आणि युद्धाच्या कंत्राटांवर गब्बर झालेला सॅम लेव्ही ही तिच्यातील प्रमुख पात्रे. जोन लेव्हीच्या कचेरीत नोकरीस लागते आणि लेव्ही तिला आपल्या जाळ्यात ओढतो. लेव्ही ज्यू आहे, हे नावावरून आणि चेहऱ्यावरून सैनिकाच्या मनावर ठसावे, अशी योजना होती.

हे सर्वस्वी असत्य असते, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण युद्धात कंत्राटदार श्रीमंत होतात आणि गरिबांची मुले मरतात, हे सैनिकाला अनुभवाने ठाऊक असते. पत्रकाने ही खरी चीड उचलली आणि तिला खोटा चेहरा दिला. नफेखोरी ही व्यवस्थेची रीत न राहता एका जमातीचा स्वभाव ठरली. अमेरिकेच्या सैन्यदलांत ५ लाखांहून अधिक ज्यू होते. त्यांना या चित्रात जागा नव्हती.

आता पत्रके छापणाऱ्यांच्या घरचा हिशेब पाहावा. आउश्वित्झजवळ मोनोवित्झ येथे आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीचा कारखाना उभा राहत होता. तेथे राबणाऱ्या कैद्यांत बहुसंख्य ज्यू होते. अकुशल कैद्यामागे दिवसाला ३ मार्क आणि कुशल कैद्यामागे ४ मार्क कंपनी मोजत असे, तेही एस. एस. या नाझी संघटनेला. कैद्याच्या हाती त्यातील काहीच पडत नसे. राबून निकामी झालेल्यांची रवानगी बिर्केनाउच्या वायुकोठड्यांत होई. युद्धावर पोसलेला खरा नफेखोर शोधायचा, तर तो येथे सापडतो.

ज्यूद्वेष हा मूर्खांचा समाजवाद होय, ही उक्ती जर्मन समाजवादी नेते ऑगस्ट बेबेल यांच्या नावावर सांगितली जाते. तिच्यातील इशारा समाजवाद्यांनाच अधिक लागू आहे. शोषणाविषयीची चीड आपणच जागवतो. ती शोषणाच्या यंत्रणेकडे न वळता एखाद्या जमातीच्या नाकाडोळ्यांकडे वळली, तर शोषक सुखरूप राहतो आणि शेजारी मारला जातो. म्हणून ज्या चित्रात शोषकाची जमात ठळक दिसते आणि त्याचा जमाखर्च मात्र दिसतच नाही, ते चित्र कोणी काढले आणि कोणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न आपण आधी विचारला पाहिजे.