भाड्याची जागा : कागद आधी, किल्ली नंतर

चार पैसे शिल्लक पडले की आपला व्यापारी किंवा कारागीर दोनच गोष्टींकडे वळतो, सोने आणि जागा. सोने कपाटात पडून राहते आणि जागा दरमहा भाडे देते, म्हणून वडाळा, पाथर्डी फाटा, नाशिकरोड किंवा सातपूरकडे एखादा फ्लॅट, एखादा गाळा घेऊन ठेवावा असे पुष्कळांना वाटते. विचार वाईट नाही. पण दुकानात शंभर रुपयांची उधारी वहीत टिपून ठेवणारा हाच माणूस पंचवीस लाखांची जागा तोंडी बोलीवर परक्याच्या हवाली करतो, आणि तेथेच घात होतो.

जुन्या नाशकातले वाडे पाहा. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी बांधली गेली. महागाई वाढत गेली, भाडे जवळजवळ तेथेच राहिले. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. पावसाळा आला की महापालिकेच्या नोटिसा निघतात आणि त्याच पडक्या भिंतींखाली दोघांचीही भांडणे चालू राहतात. आपल्यातले अनेक दुकानदार आजही पागडीच्या गाळ्यात बसून धंदा करतात, त्यामुळे या कहाणीच्या दोन्ही बाजू आपल्याला ठाऊक आहेत. त्यातूनच समजूत पक्की झाली की भाडेकरू ठेवला म्हणजे जागा गेली.

ही समजूत आता जुनी झाली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्यात लीव्ह अँड लायसन्स करारावर राहायला दिलेल्या जागेची मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. मात्र ही जलद वाट राहत्या जागेपुरती आहे. दुकान किंवा गाळा दिला असेल तर नेहमीच्या कोर्टाचा रस्ता धरावा लागतो. गाळा देणाऱ्याने म्हणूनच माणूस दुप्पट पारखून घ्यावा.

पण या संरक्षणाला एक अट आहे. करार लेखी हवा आणि नोंदणी केलेला हवा. “अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही,” हे वाक्य आपल्या बाजारात सर्रास ऐकू येते. ते साफ चुकीचे आहे. कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असो, नोंदणी करावीच लागते आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट अशी की नोंदलेला करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोटरीच्या शिक्क्याने हे संकट टळत नाही.

आणि खर्च तो किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का. आठ हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारावर ते काही शे रुपये होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. हे काम आता आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्याही होते. एवढ्यासाठी आयुष्याची कमाई टांगणीला लावणे शहाणपणाचे नाही. देणेघेणे लिहून ठेवावे असा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. ओळखीच्या माणसाशी कागद कसा करायचा, असा संकोच वाटणाऱ्यांनी हे आठवावे. कागदाने मैत्री तुटत नाही, टिकते.

आता हिशेब. समजा पंचवीस लाखांचा फ्लॅट घेतला आणि दरमहा आठ हजार भाडे आले. वर्षाचे 96,000. त्यातून एक महिना जागा रिकामी, सोसायटीचे 12,000, घरपट्टी 4,000, रंग-दुरुस्ती 8,000 वजा करा. हाती उरतात 64,000, म्हणजे गुंतवणुकीवर अडीच टक्के. आता यातले अठरा लाख नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी कर्जाऊ घेतले असतील, तर हप्ता सोळा हजारांच्या वर जातो. भाड्यातून महिना सव्वापाच हजार येणार. बाकीचे जवळजवळ अकरा हजार दुकानाच्या गल्ल्यातून जाणार, तेही वीस वर्षे. मंदीत गल्ला आटला की जागाही जाते आणि धंद्याचे भांडवलही. जागेची किंमत वाढेल, हे खरे असू शकते. पण वाढलेल्या किमतीने या महिन्याचा हप्ता भरला जात नाही.

सिंहस्थात खोल्यांना सोन्याचा भाव येतो, म्हणून कर्ज काढणाऱ्यांनीही विचार करावा. मागचा मेळा 2015 साली झाला, पुढचा 2027 चा. मधल्या वर्षांचे हप्ते कोण भरणार?

आपल्यातले अनेकजण व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात. त्यांच्यासाठी वाट अरुंद आहे. बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये घेतला. ही पोकळी पाहून हलाल नफ्याच्या नावाने दुकाने थाटली जातात. बंगळुरूच्या आयएमए कंपनीचे 2019 मध्ये काय झाले आणि हजारो कुटुंबांची पुंजी कशी बुडाली, हे सर्वांना माहीत आहे. त्यापेक्षा दोघा-तिघा भावांनी किंवा भरवशाच्या भागीदारांनी मिळून एक लहान जागा रोखीने घ्यावी. मात्र खरेदीखतावर सर्वांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहिलेला हवा. पुढे एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेतला, तर त्याचेही खत नोंदवावे आणि मुद्रांकाचा तो खर्च आधीच धरावा. भावाच्या एकट्याच्या नावावरची जागा त्याच्या पश्चात वारसांत वाटली जाते. तेव्हा तुमचे तोंडी पैसे कोणी मोजत नाही.

स्वतःच्या घरावर मजला चढवून खोली काढणे सर्वांत स्वस्त, कारण जमीन विकत घ्यावी लागत नाही. पण परवानगी आधी घ्या. अनधिकृत बांधकामाला महापालिकेची शास्ती लागते आणि शास्ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही.

जागा चालवणे हाही एक धंदा आहे. भाड्याची पावती द्या, ती देणे कायद्याने बंधनकारक आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. भांडण झाले म्हणून त्याचे पाणी किंवा वीज तोडू नका, तो गुन्हा आहे. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. 17 एप्रिल 2020 रोजी टाळेबंदीत राज्य सरकारने भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकलावी अशी सूचना मालकांना केली होती. ज्यांच्याकडे शिल्लक होती त्यांनी भाडेकरूला सांभाळले, ज्यांच्याकडे नव्हती ते स्वतः अडचणीत आले. भाडे प्राप्तिकरात दाखवा. घरपट्टी आणि त्यानंतर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, मग लपवाछपवी कशासाठी?

नाशकात आज जागा घेणाऱ्याला आमचे सांगणे एवढेच. भाडे जितके पेलेल तेवढेच देणे अंगावर घ्या, आणि करार नोंदवल्याखेरीज कोणाच्याही हाती किल्ली देऊ नका. वाड्यांच्या मालकांना ही सोय नव्हती. आपल्याला आहे.